रिअ‍ॅक्टरच्या तोंडाशी

बारक्या नावाचा माणूस बारीक असेल असं ज्याला वाटे, त्याचा गैरसमज बारक्या दारात उभा राहिला की मिटायचा. आधी पोट यायचं, मागून हसू, आणि सगळ्यात शेवटी बारक्या. रिअ‍ॅक्टरच्या तोंडातून आत उतरताना तो एक खांदा आधी घालायचा, जरा तिरपा व्हायचा, मग दुसरा खांदा ओढून घ्यायचा. आणि दर वेळी वर बसलेल्या थोरल्या बहिणीला ऐकवायचा, "ताई, एक दिवस या बाटलीचं बूच होणार मी."

"मग कमी खा."

"वाढणारीला सांग की. मला कुठे हिंमत आहे?"

आई गेली तेव्हा बारक्या चड्डीची नाडी बांधायला शिकत होता. ती नाडी ताईनेच शिकवली, पुढे शाळेत तिनेच घातलं, शाळेने हात टेकले तेव्हा कामालाही तिनेच लावलं, नवऱ्याच्या टोळीत. बारक्या तिच्या नवऱ्याला दाजी म्हणायचा म्हणून टोळीतले सगळेच त्याला दाजी म्हणू लागले, आणि ताईला बसल्या जागी डझनभर भाऊ झाले. त्यातले दोघे तर तिच्याहून वयाने मोठे होते.

टोळीचं काम ऐकायला साधं. तेल जमिनीतून निघतं तेव्हा त्यात गंधक असतं. ते तसंच राहिलं तर गाड्यांच्या धुराने लोकांच्या छात्या भरतात. म्हणून कारखान्यात हे तेल तापवून, हायड्रोजनच्या सोबत, एका उभ्या लोखंडी पिंपातून, म्हणजे रिअ‍ॅक्टरमधून, सोडतात. पिंप म्हणजे तिमजली घराएवढं. त्यात ठासून भरलेला असतो कॅटलिस्ट. पेन्सिलीच्या शिसाचे तुकडे करून ठेवावेत तसा दिसतो. टोळी त्याला नुसतं 'माल' म्हणे. त्यात मॉलिब्डेनम असतो, कोबाल्ट असतो, पण नवाकोरा माल काही कामाचा नसतो. त्याला आधी गंधकच खाऊ घालावं लागतं. धातूंचं सल्फाइड झालं की मग तो तेलातलं गंधक उपटून काढतो आणि हायड्रोजनच्या गळ्यात बांधतो. काट्याने काटा. बारक्याचं म्हणणं होतं, नव्या कारकुनाला आधी लाच खायला शिकवायची आणि मग लाच पकडायच्या खात्यात बसवायचं, त्यातलीच ही गत.

काही वर्षांनी मालही थकतो. त्याच्यावर काजळी धरते, तो बदलावा लागतो. आणि इथे गोष्ट साधी राहत नाही. वापरलेल्या मालाला हवा लागली की तो आपसूक पेट घेतो. काडी नको, ठिणगी नको. म्हणून तो बाहेर काढेपर्यंत पिंपात नायट्रोजन कोंडून ठेवतात. ज्या हवेवर माणूस जगतो तिच्यात माल पेटतो, ज्या हवेत माल निवांत झोपतो तिच्यात माणूस दोन श्वासांत आडवा होतो. अशा दोघांना एका पिंपात घालायचं, यावर टोळीची चूल पेटायची.

नायट्रोजनला वास नाही, रंग नाही. त्यात माणूस गुदमरतसुद्धा नाही. बोलता बोलता वाक्याच्या मध्येच निघून जातो. ताईने असे दोन पाहिले होते, दुसऱ्या टोळ्यांतले. एकाच्या चेहऱ्यावर तर पुढचा शब्द तसाच राहून गेला होता.

म्हणून आत उतरणाऱ्याच्या डोक्यावर काचेचं हेल्मेट. त्याची कडी मानेमागे, घाबरून स्वतःच्या हाताने उघडता येऊ नये अशी. हवेच्या दोन नळ्या, एक बंद पडली तर दुसरी. दोन्ही बंद पडल्या तर पाठीवर हवेची छोटी बाटली, थोडा वेळ पुरणारी. कमरेला दोर. आणि वर, तोंडाशी, ताईचं टेबल: हवेचे काटे, आतल्या कॅमेऱ्याचा पडदा, कानाला लावायचा फोन. आतल्याशी फक्त तीच बोलायची. तिचा पहिला नियम, आत असेपर्यंत तोंड बंद ठेवायचं नाही, बोलत राहायचं. बारक्याच्या बाबतीत हा नियम करायची गरजच नव्हती. दुसरा नियम, आत पडलं ते गेलं. त्याच्यासाठी कुणी वाकायचं नाही.

एकदा दाजीच्या हातून पाना निसटला आणि आतल्या शिडीला अडकून राहिला. दाजीने श्वास धरला, कमरेपर्यंत आत वाकला, पाना घेऊन वर आला आणि हसला. त्यानंतर ताईने अबोला धरला तो बरेच दिवस. ताट पुढ्यात आपटायची.

"अगं, आलो ना मी वर?"

"आलात म्हणून बोलत नाहीये. नसता आलात तर रडले असते."

त्या दिवशी दुपारी ऊन इतकं होतं की रिअ‍ॅक्टरच्या माथ्यावरच्या कठड्याला हात लावला की हात मागे यायचा. माल काही सरळ निघत नव्हता. कारखाना बंद करताना आतलं तेल नीट धुऊन निघालं नव्हतं, त्यामुळे तुकडे एकमेकांना चिकटून दगड झाले होते. मधला सुटा माल व्हॅक्यूमच्या जाड नळीने ओढला जात होता, पण पिंपाच्या एका बाजूला चिकटलेल्या मालाची भिंत उभी राहिली होती, बारक्याच्या डोक्याहून उंच. असं झालं की आधी भिंत वरून फोडत यायची, हे सगळ्यांना ठाऊक होतं. आणि भिंत फोडायला हातोडा चालवावा लागतो, सुटा माल मात्र नळी आनंदाने गिळते, हेही सगळ्यांना ठाऊक होतं. त्यामुळे भिंत शेवटी ठेवायची, ही टोळीची सवय होती. आजवर एकही भिंत पडली नव्हती.

"बारक्या, भिंतीचा पायथा कशाला खातोयस?" ताई फोनमध्ये म्हणाली. "वरून ये."

"आलोच गं. एवढा सुटा ओढतो आणि येतो."

"पडेल ती."

"पडतेय कसली! जुना भाडेकरू आहे तो, हलायचा नाही. कोर्टात जावं ला—"

ताईच्या पायाखालचा लोखंडी ओटा हलला. जड पोतं टाकल्यासारखा एक आवाज आला, आणि पडद्यावर नुसता काळा धुरळा उरला.

"बारक्या!"

थोडा वेळ काहीच आलं नाही. मग आलं, "ताई."

त्याच्या 'ताई' म्हणण्याच्या शंभर तऱ्हा तिला पाठ होत्या. ही त्यातली नव्हती.

एक मोठा दगड त्याच्या मांडीवर आडवा पडला होता. दोन्ही नळ्या त्याच दगडाखाली गेल्या होत्या. टेबलावरचा पहिला काटा खाली आला, मागोमाग दुसरा. पाठीवरची बाटली सुरू झाल्याची शिट्टी तिच्या कानात वाजली. दाजीने दोराचं चाक फिरवलं, दोर ताणला, आतून बारक्या असा ओरडला की दाजीने चाक सोडून दिलं. पाय निघत नव्हता. कारखान्याचे साहेब जिना उतरत फोनवर रुग्णवाहिकेसाठी ओरडत होते. खालून कुणीतरी हाक दिली, "अरे, हवा सोडा आत! कॉम्प्रेसरची नळी टाका!"

"खबरदार!" ताई कठड्यावरून ओरडली. "नुकता फुटलाय माल, पेटेल सगळा! कमरेपर्यंत निखाऱ्यात उभा राहील तो!"

वाचवायला जाणारा म्हणून टोळीतला लंबू नेमलेला होता. नियमाने त्याने गळ्यापर्यंत तयार बसायला हवं होतं, फक्त हेल्मेट बाजूला. पण त्या उन्हात त्या जाड पोशाखात कोण बसतं? लंबूने पोशाख कमरेपर्यंत उतरवून बाह्या पोटाशी बांधल्या होत्या, जशा सगळेच बांधायचे. आता तो त्या बाह्यांची गाठ सोडत होता, आणि घामाने आवळलेली गाठ सुटत नव्हती.

दाजीने हातमोजे काढून फेकले आणि रिअ‍ॅक्टरच्या तोंडाकडे आला. ताईने त्याची छाती फुगताना पाहिली आणि तिला कळलं.

तोंडावर ठेवायला एक लाकडी झाकण होतं, नळ्या आणि दोर जायला खाच असलेलं. ताईने ते ओढून तोंडावर घेतलं आणि त्याच्यावर बसली. एक पाय कठड्याच्या दांड्याला अडकवला.

"ऊठ."

"नाही."

"मी श्वास धरतो. नुसता दगड कलता करायचा आहे. ऊठ म्हणतोय ना!"

"श्वास धरून पाना उचलता येतो. दगड नाही उचलता येत."

"अगं, तुझा भाऊ आहे तो!"

"कोण आहे ते मला माहीत आहे. लंबू, हेल्मेट घाल. मागची कडी कुणीतरी लावा त्याची. नळी बघ. लंबू, पुन्हा ओढून बघ नळी!"

दाजीने तिचा दंड धरून ओढलं. एवढ्या वर्षांत त्याने तिच्यावर हात टाकला नव्हता. खांद्यात काहीतरी कट्कन वाजलं, पण पाय दांड्यातून सुटला नाही. तो ओरडत होता, शिव्या देत होता, रडत होता. खाली व्हॅक्यूमचं यंत्र बंद करायचं कुणाला सुचलं नव्हतं, ते एकीकडे घरघरत होतं. आणि ताईच्या कानात, त्या सगळ्याच्या अगदी आत, बारक्या बोलत होता. आवाज बारीक झाला होता. लहानपणी ताप भरला की व्हायचा तसा, शहाण्या मुलाचा.

"ताई, दाजी कुठे आहेत?"

टोळीत येणाऱ्या प्रत्येक नव्या माणसाला बारक्याच शिकवायचा: आत माणूस पडला तर बिनहवेचं कुणी जायचं नाही, एकाच्या दोन तिरड्या करू नका. त्यानेच आता म्हटलं, "दाजींना पाठव ना."

ताईने मान वळवली आणि दाजीला ऐकू जाऊ नये म्हणून फोनच्या तोंडाशी हाताचा आडोसा केला. "येतायत रे. निघालेत."

"लवकर पाठव."

"हो, राजा. बोलत राहा तू."

तो बोलत राहिला नाही. नुसता श्वास येत होता, मग बाटलीचा पोकळ खडखडाट. लंबू तयार झाला तेव्हा ताई उठली, झाकण बाजूला केलं, त्याची कडी स्वतःच्या हाताने एकदा ओढून पाहिली, आणि मगच त्याला सोडलं. लंबूने दगड फोडला. आता दोर हलका आला. तोंडाशी बारक्याला खालून लंबूने तिरपा केला, वरून दाजीने आधी एक खांदा काढला, मग दुसरा. ताई फोनमध्ये बोलतच होती. बोलत राहा, बारक्या, बोलत राहा. शेवटी कुणीतरी तिच्या कानावरचा फोन काढून घेतला.

पुढचे दिवस दाजी भिंतीला टेकून बसून असायचा, हात उताणे टाकून, जणू ते कुणा दुसऱ्याचे आहेत आणि तो येऊन घेऊन जाईल. पुढ्यातलं ताट तसंच परत जायचं. ताईला तिच्या सुजलेल्या खांद्यापेक्षा त्या हातांची भीती वाटू लागली. मग एका सकाळी त्याने विचारलं.

"काय म्हणाला तो? शेवटी?"

ताईच्या हातात चहाचा कप होता. तो तिने त्याच्यापुढे ठेवला.

"म्हणाला, दाजींना पाठवू नकोस."

जन्मात एवढं मोठं खोटं ती एवढ्या सहज बोलली नव्हती. दाजीचा चेहरा लहान मुलासारखा चुरगळला, आणि बराच वेळ रडून झाल्यावर त्याने तो गार झालेला चहा प्यायला. दुपारी दोन घास खाल्ले. ताईला वाटलं, एक खोटं आणि दोन घास, वाईट सौदा नाही.

पण दाजी गप्प बसणारा नव्हता. ती गोष्ट षट्कर्णी झाली. टोळीत झाली, कारखान्यात झाली. शोकसभेत साहेब म्हणाले, शेवटच्या श्वासापर्यंत नियम पाळणारा माणूस. लोक बारक्याला वाघ म्हणू लागले. त्यातलेच काही ताई समोरून आली की रस्त्याच्या पलीकडे काहीतरी पाहायचे. मागे कुजबुजायचे. नवरा राखला बाईने, भाऊ घालवला. झाकण लावून वर बसली म्हणे. ते ऐकून ताईला राग यायचा नाही. झाकण लावलं होतं आणि ती वर बसली होती, त्यात खोटं काहीच नव्हतं.

मग बारक्याच्या बायकोचा निरोप आला. ताईला तेवढं येऊन जायला सांगा, एकटीला.

दाजीने तिला स्कूटरवरून आणलं आणि स्वतः खालीच थांबला. "मी काय तोंड घेऊन वर येऊ?" म्हणाला.

मुलगी शाळेत गेली होती. बारक्याची बायको, ताईची धाकटी, पलंगावर त्याचे सदरे घेऊन बसली होती. एकेका सदऱ्यात दोन माणसं मावतील असे ते सदरे, ती घडी घालायची आणि पुन्हा मोडायची. ताईला बसायला सांगितलं नाही. ताई आपली आपण स्टुलावर बसली.

"वन्सं, खांदा कसा आहे?"

"आहे."

"लोक येतात," धाकटी म्हणाली. "सगळे एकच सांगतात. वाघ होता, स्वतः नको म्हणाला, दुसऱ्याचा जीव वाचवला. मी हो हो म्हणते. चहा देते. आणि दार लावलं की मला यांचा इतका राग येतो, वन्सं, इतका, की वाटतं हे सगळे सदरे टराटरा फाडावेत." तिने हातातला सदरा मुठीत आवळला. "नको म्हणाले? कुणाला विचारून? मी होते ना घरी? पोरगी होती. एवढे वाघ व्हायचं होतं तर लग्न कशाला केलं? एकदाही वाटलं नाही त्यांना की घरी जावं?"

ताईने बाहेर पाहिलं. खिडकीतून खाली दाजी दिसत होता. उन्हात उभा राहून रुमालाने स्कूटरची सीट पुसत होता, ताईला बसताना चटका लागू नये म्हणून. एकाच दोराची दोन टोकं दोघांच्या गळ्यांत घातली होती तिने. इथे सैल करावं तर तिथे आवळणार.

"मला तेवढं सांगा," धाकटी म्हणाली. "खरंच असं म्हणाले?"

"नाही."

सदऱ्यावरची मूठ थांबली.

"जसं म्हणाले तसं सांगा. तुमचं काही घालू नका त्यात."

"म्हणाला, दाजी कुठे आहेत. मग म्हणाला, दाजींना पाठव ना. मग लवकर पाठव म्हणाला."

"आणि तुम्ही?"

"मी म्हटलं, येतायत."

"आणि झाकणावर बसला होता."

"हो."

धाकटीने सदऱ्यात तोंड खुपसलं, आणि तिच्या पोटातून असा आवाज आला की ताई अर्धवट उठून उभी राहिली. जवळ जावं की नाही तिला कळेना. त्या रडण्यातच मध्ये शब्द येत होते. "यायचं होतं. यायचं होतं त्यांना."

पुष्कळ वेळाने तिने डोकं वर केलं. नाक, डोळे, सगळं सुजलेलं.

"दाजी गेले असते तर पोचले असते?"

इथे नाही म्हणायला ताईला कुणाची आडकाठी नव्हती. त्या एका 'नाही'वर ती उरलेलं आयुष्य झोपू शकली असती.

"मला तसं वाटलं नाही," ती म्हणाली. "दोघे गेले असते असं वाटलं. अजून वाटतं. पण नक्की कुणाला सांगता येणार?"

धाकटीने मान हलवली. सदरा मांडीवर पसरला, त्याच्या बाह्या आत दुमडल्या, या वेळी घडी मोडली नाही.

"दाजींना हे कळू देऊ नका, वन्सं."

"नाही कळू देणार."

"ते जगायचे नाहीत."

"माहीत आहे."

"आणि तुम्ही..." तिने दुसरा सदरा ओढला. "तुम्ही आता येत जाऊ नका इथे. मला नाही बघवत तुमच्याकडे. खरं सांगितलंत, उपकार झाले. पण नाही बघवत. काही लागलंच तर मी दाजींना बोलावीन."

ताई उठली. दारात चपला घालताना एका हाताने पट्टा लागेना, दुसरा हात अजून वर जात नव्हता. धाकटीने ते पाहिलं आणि पुन्हा सदऱ्यात मान घातली. ताईने पट्टा तसाच लोंबता ठेवला आणि जिना उतरली.

"काय म्हणत होती?" दाजीने विचारलं.

"काही नाही. स्वयंपाकघरातला नळ गळतोय म्हणे, तुम्हाला सवडीने यायला सांगितलंय."

"मला?" त्याचा विश्वास बसेना. "माझं तोंड बघेल ती?"

"तुमचं बघेल."

दाजी स्कूटरवर बसला, पण चालू करायचं विसरला. मग स्वतःशीच बोलल्यासारखा, रोज एकदा तरी बोलायचा तसा, म्हणाला, "त्या तसल्या अवस्थेत, बघ. मला पाठवू नकोस म्हणाला पोरगा."

ताई मागे बसली. चांगल्या हाताने तिने सीटचा दांडा धरला.

"हो," ती म्हणाली. "चला आता."